हिरडा, माहुलीचा गाळ आणि मालीचं कापड: साताऱ्यातल्या एका कार्यशाळेविषयी

साताऱ्यात यादोगोपाळ पेठेत एका जुन्या वाड्याच्या सोप्यावर महिनाभर दर रविवारी भरणारी एक कार्यशाळा नुकतीच पूर्ण केली. विषय असा: आफ्रिकेतल्या कलेकडून आजचे कलावंत काय शिकले, आणि ते आपण आपल्या हातानं, आपल्या सामानात कसं करून बघायचं. फी ३५०० रुपये. सामान त्यांचं, चहा दोनदा, डबा ज्याचा त्यानं न्यायचा. औंधची सहल यात धरलेली नाही, तिचे ४०० वेगळे. मत आधीच सांगते: पैसे वसूल आहेत. पण दोन गोष्टी त्यांनी सुधारायलाच हव्यात, त्याही लिहिणार आहे.

मी डिझाइनचं काम करते. लग्नपत्रिका, दुकानांच्या पाट्या, फ्लेक्स, हॉटेलांच्या भिंती. पोवई नाक्याजवळ आमचं छोटं दुकान आहे. कास रोडला आणि पाचगणीकडे रिसॉर्टं वाढली तसं एक मागणं सारखं येऊ लागलं: "मॅडम, एका भिंतीवर आफ्रिकन काहीतरी टाका की. मुखवटे वगैरे." आमच्या धंद्यात याला तयार उत्तर आहे. नेटवरून मुखवट्यांची फाइल उतरवायची, काळा-पिवळा-तांबडा भरायचा, कडेला झेब्र्याचे पट्टे टाकायचे आणि बिल करायचं. तो मुखवटा कोणत्या लोकांचा, कोणत्या लाकडाचा, कोण कधी घालायचं, हे ना गिऱ्हाईक विचारतं ना डिझायनर. मला हे फार दिवस टोचत होतं. आपल्या खंडोबाचा मुखवटा परदेशात कुणी हॉटेलच्या बाथरूमच्या दारावर लावला तर आपल्याला चालेल का? म्हणून या कार्यशाळेचा कागद हाती पडला तेव्हा फार विचार न करता नाव घातलं.

शिकवणारे नवरा-बायको आहेत. सर अनेक वर्षं शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेत, मॅडमचं सगळं काम वनस्पतींच्या रंगात. आमच्या तुकडीत ए.टी.डी. (चित्रकला शिक्षकाची पदविका) करणारी दोन मुलं, एस.टी.तून निवृत्त झालेले एक काका, कोडोलीची एक शिवणकाम करणारी ताई, दोन शिक्षिका आणि मी.

पहिल्याच दिवशी सरांनी एक गोष्ट चांगली केली. पिकासोपासून सुरुवात केली नाही. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट पॅरिसपासूनच सुरू होते, म्हणजे एका युरोपियन माणसानं बघितलं तेव्हाच जणू ती कला जन्माला आली. सरांनी आधी मुखवटा काय असतो ते सांगितलं. आपण संग्रहालयात किंवा पुस्तकात बघतो तो नुसता लाकडी चेहरा. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या कितीतरी समाजांत मुखवटा एकटा कधी नसतोच. त्याच्याखाली गवताचा किंवा धाग्यांचा अंगभर पोशाख असतो, तो घालून कुणीतरी नाचत असतो, ढोल वाजत असतो, समोर गाव असतं. ते सगळं सुटलं आणि उरलं ते खिळ्यावर टांगलेलं लाकूड. एस.टी.वाले काका लगेच म्हणाले, "सर, म्हणजे पालखीतला मुखवटा काढून कपाटात ठेवल्यासारखं." सर म्हणाले, "तेच, काका. भंडारा नाही, हलगी नाही, येळकोट नाही. आणि वर पाटी, 'पितळी चेहरा'."

मग पॅरिस आलं. फ्रेंच चित्रकार मातीसनं १९०६ साली काँगोकडच्या विली लोकांची एक छोटी मूर्ती विकत घेतली. १९०७ साली पिकासो त्रोकादेरोच्या संग्रहालयात गेला, जिथं आफ्रिकेतले मुखवटे ठेवलेले होते, आणि त्याच वर्षीच्या 'अविन्योच्या तरुणी' या चित्रात उजवीकडच्या दोन बायकांचे चेहरे मुखवट्यांसारखे झाले. इथवर आपल्यापैकी अनेकांना माहीत असतं. पण सरांचं म्हणणं होतं की ही नुसती चेहऱ्यांची नक्कल झाली, खरं शिक्षण पुढं आहे. पिकासोकडं ग्रेबो लोकांचा, म्हणजे लायबेरिया आणि आयव्हरी कोस्टकडचा, एक मुखवटा होता. त्याच्यात डोळे म्हणजे खोबण्या नाहीत, बाहेर आलेल्या दोन नळ्या आहेत. जिथं खड्डा असायला हवा तिथं उंचवटा. तरी बघणाऱ्याला ते डोळेच वाटतात. १९१२ साली पिकासोनं पुठ्ठा, दोरा आणि तार घेऊन एक गिटार केली. गिटारीचं भोक आत जातं. यानं ते बाहेर येणाऱ्या नळीचं केलं. मुखवट्याचा चेहरा त्यानं घेतलाच नाही. घेतला तो विचार: वस्तू जशी दिसते तशीच करायची गरज नाही, एखादी खूण योग्य जागी ठेवली की माणसाचं मन बाकीचं भरून काढतं.

हे ऐकून लगेच करायचं होतं. समोर पेढ्यांच्या रिकाम्या बॉक्सांचा ढीग. साताऱ्यात कार्यशाळेला दुसरा कोणता पुठ्ठा मिळणार! नियम एकच: ओळखीच्या माणसाचा चेहरा करायचा, पण जे आत असतं ते बाहेर काढायचं आणि जे बाहेर असतं ते आत ढकलायचं. कात्री, फेव्हिकॉल, सुतळी. कोडोलीच्या ताईंनी आपल्या सासूबाई केल्या. नाक म्हणजे एक उभी चीर, आणि गालांवरच्या खळग्यांच्या जागी पेढ्याच्या बॉक्सचे दोन गोल तुकडे चिकटवून पुढं आणलेले. मी त्या बाईंना पाहिलेलं नाही, पण भेटल्या तर रस्त्यात ओळखीन. मी पंधरा-सोळा वर्षं कॉम्प्युटरवर चेहरे कापते आणि चिकटवते. चेहऱ्याकडं असं बघायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

कार्यशाळेचा गाभा मात्र कापडाचा रविवार. बाकी सगळं विसरले तरी हा दिवस विसरणार नाही.

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशात बोगोलानफिनी नावाचं कापड तयार होतं. गाळानं रंगवलेलं. पुरुष अरुंद पट्ट्यांत सुती कापड विणतात, पट्ट्या शेजारी शेजारी शिवून मोठं कापड होतं, आणि रंगवायचं काम परंपरेनं बायकांचं. आई मुलीला शिकवते. नक्ष्यांना नावं आहेत, अर्थ आहेत. शिकाऱ्यांचे अंगरखे याचे असत, आणि मुलीच्या किंवा बाळंतिणीच्या आयुष्यातल्या नाजूक काळात हे कापड अंगाभोवती गुंडाळलं जाई. रीत अशी: न्गालामा नावाच्या झाडाच्या पानांच्या काढ्यात कापड बुडवायचं, ते पिवळं होतं. मग तळ्यातला गाळ, जो मडक्यात महिनोन् महिने, कधी वर्षभर मुरवलेला असतो, तो बांबूच्या किंवा लोखंडाच्या काडीनं कापडावर लावायचा. पानातला तुरटपणा आणि गाळातलं लोह यांचं जमलं की काळा रंग धरतो. धुतलं तरी जात नाही.

मॅडमनी इथं एक झाडाचा धागा जोडला आणि मी वहीत त्याखाली दोन रेघा मारल्या. न्गालामा हे आपल्या धावड्याचं भाऊबंद. तोच धावडा, जो सह्याद्रीत सगळीकडे आहे आणि ज्याचा डिंक बाळंतिणीच्या लाडवात पडतो. आणि तुरटपणासाठी आपल्याकडं हिरडा आहे, तो तर महाबळेश्वर-जावळीच्या रानातून गोणीनं येतो. आंध्रात श्रीकाळहस्तीकडचे कलमकारीवाले, म्हणजे कलमानं कापडावर चित्रं काढणारे, हिरड्यात कापड भिजवून, त्यावर गूळ आणि गंजक्या लोखंडाच्या आंबवलेल्या पाण्यानं काळ्या रेघा काढतात. म्हणजे मालीतल्या बाईनं आणि श्रीकाळहस्तीच्या कारागिरानं एकमेकांना न बघता एकच रसायन शोधलं. हे ऐकताना अंगावर काटा आला.

काम असं झालं. मांजरपाटाचे तुकडे, आदल्या दिवशी सोडा घालून उकळून खळ काढलेले. हिरड्याची पूड पाण्यात कालवून त्यात ते बुडवले. बाहेर काढले तेव्हा कापड फिकं, जुन्या पोथीच्या पानाच्या रंगाचं. पिळायचं नाही, नुसतं निथळू द्यायचं, नाहीतर डाग पडतात. वाड्याच्या मागच्या अंगणात दोरीवर वाळवलं. मग मॅडमनी मडक्यावरचं फडकं काढलं आणि काका दोन पावलं मागं सरकले. माहुलीच्या संगमाजवळून आणलेला कृष्णेचा गाळ, त्यात गंजके खिळे, घोड्याचा एक जुना नाल आणि थोडा गूळ. वास ओल्या लोखंडाचा आणि आंबलेल्या उसाचा.

बोगोलानमध्ये सगळ्यात अवघड गोष्ट काय असेल तर ती ही: नक्षी रंगवायची नसते. नक्षीच्या भोवतालची जागा रंगवायची. रेघ म्हणजे जिथं तुम्ही गाळ लावलेला नाही ती जागा. मला पांढऱ्या कागदावर काळी रेघ ओढायची सवय. इथं हातात काळं आहे आणि काढायचं आहे उजळ. मी एक साधी वाकडी वाट काढायला घेतली, यवतेश्वरच्या घाटाची. दोन्ही बाजूंनी गाळ आणत आणत मधली वाट राखायची. काडी जरा तिरकी झाली की वाट बुजते. पहिल्यांदा लावला तेव्हा गाळ नुसता तपकिरी दिसत होता. वाऱ्यावर धरला आणि डोळ्यांदेखत कडेनं करडा होत गेला, मग निळसर, मग काळपट. रंग बाटलीतून आलेला नव्हता, तो कापडावर, माझ्यासमोर तयार होत होता. दुकानात मी दिवसाला पन्नास वेळा काळा रंग निवडते. एका बोटाचं काम. तो काळा कुठून येतो हे पहिल्यांदा नाकानं, हातानं, नखांत भरून कळलं.

धुतल्यावर रंग थोडा उतरला. गाळ फक्त आठ-दहा दिवस मुरलेला होता, त्यामुळं काळा न होता पावसाळी ढगांचा करडा राहिला. मॅडमनी ते आधीच सांगितलं होतं आणि दुसरा, तिसरा हात द्यायला लावला. तिसऱ्या हाताला खरा काळा दिसायला लागला. ही माझी पहिली सूचना: मडकं दोन-तीन महिने आधी भरून ठेवा. या रविवारासाठी लोक येणार आहेत, गाळानं तयार असायला हवं. शिवाय मालीत शेवटी नक्षीच्या जागेतला पिवळा रंग तीव्र द्रावणानं घालवून तिथं पांढरं आणतात. तो टप्पा त्यांनी कास्टिकची भीती म्हणून वगळला. बरोबर केलं, सोप्यात लहान मुलं फिरत होती.

आणि हे सगळं जुनं, गावाकडचं म्हणून तिथंच थांबलेलं नाही, हे सरांनी दाखवलं. १९७८ साली बामाकोमधल्या सहा तरुण चित्रकारांनी 'बोगोलान कासोबाने' नावाचा गट केला. युरोपियन तैलरंग महाग, आणि त्यांच्या मनाला ते परकेही. मग घरच्या बायकांकडून गाळाची विद्या शिकून त्यांनी त्यात मोठी चित्रं केली. आधुनिक चित्रकारानं आपल्या आजीकडं शिष्य म्हणून बसायचं, ही गोष्ट मला पिकासोच्या गोष्टीपेक्षा मोठी वाटते. आफ्रिकी कलेतून प्रेरणा घेणारे सगळ्यात महत्त्वाचे आधुनिक कलावंत आफ्रिकेतच आहेत, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठं येतं?

त्याच धाग्यावर पुढचा रविवार होता: एल अनात्सुई हा शिल्पकार. घानात १९४४ साली जन्मलेला, आयुष्य नायजेरियातल्या न्सुक्काला शिकवण्यात गेलेलं. दारूच्या बाटल्यांची ॲल्युमिनियमची झाकणं चेपून, भोकं पाडून, तांब्याच्या तारेनं जोडून तो भिंतभर कापडं करतो. धातूची, पण पडद्यासारखी घड्या पडणारी. त्यात घानाच्या केंटे कापडाची आठवण आहे, जे चारेक इंचांच्या अरुंद पट्ट्या विणून जोडतात. आणि झाकणंच का? कारण युरोपियन व्यापाऱ्यांनी दारू त्या किनाऱ्यावर आणली, तिच्या बदल्यात माल घेतला, माणसंही घेतली. झाकण हा नुसता कचरा नाही, त्याला इतिहास आहे. शिवाय ते कापड टांगायचं कसं, हे तो टांगणाऱ्यांवर सोडतो. प्रत्येक ठिकाणी घड्या वेगळ्या. २०१५ साली व्हेनिसच्या बिएनाले या मोठ्या कलाप्रदर्शनात त्याला जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह मिळाला.

त्यावर सरांनी प्रश्न टाकला: साताऱ्यात असा कोणता टाकाऊ माल आहे, ज्याला इतिहास आहे? झाकणं आणून झाकणं जोडली तर ती पुन्हा नक्कलच. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग ए.टी.डी.चा एक मुलगा म्हणाला, साखरेची पोती. दुसरा म्हणाला, एस.टी.ची तिकिटं, आणि काकांनी घरी जपून ठेवलेल्या जुन्या तिकिटांच्या गड्ड्या पुढच्या वेळी आणल्याही. मी म्हणाले, फ्लेक्स.

आमच्या दुकानामागं उतरवलेल्या फ्लेक्सचा ढीग असतो. वाढदिवस, निवड, अभिनंदन, भावपूर्ण श्रद्धांजली. एकाच माणसाचा आधी वाढदिवसाचा बॅनर येतो आणि काही वर्षांनी श्रद्धांजलीचा, फोटो तोच. मी त्याच्या चार इंची पट्ट्या कापल्या. उभ्या पट्ट्या वाढदिवसाच्या, आडव्या श्रद्धांजलीच्या, आणि पाटीच्या खुर्चीला विणतात तशा एकात एक घातल्या. जवळून बघितलं तर कुठं अर्धी मिशी, कुठं फेट्याचा तुरा, कुठं 'शुभेच्छुक' मधला नुसता 'च्छु', कुठं सोन्याच्या साखळीचा तुकडा. दहा पावलं मागं गेलं की भगवा, निळा आणि पांढरा असा पट्ट्यापट्ट्यांचा पडदा. कोपरे शिवले नाहीत, सैल सोडले, त्यामुळं टांगल्यावर तो खाली झुकतो आणि चेहरे वळतात. कोडोलीच्या ताईंनी त्याला मागून मांजरपाटाची पट्टी लावून दिली. या कामासाठी मला कुणा आफ्रिकन लोकांचं एकही चिन्ह उचलावं लागलं नाही. शिकले ते सगळं त्यांच्याकडूनच.

मधल्या एका दुपारी सरांनी भराभर बरंच दाखवलं. बेनिन देशातला रोमुआल्द हाझुमे, ज्यानं पेट्रोलच्या प्लॅस्टिक कॅनचे मुखवटे केले, कारण त्याच्या भागात नायजेरियातून चोरटं पेट्रोल याच कॅनमधून येतं. दक्षिण आफ्रिकेतल्या एस्थर माह्लांगू, जन्म १९३५, न्देबेले समाजातल्या बायका घरांच्या भिंतींवर काढतात ती नक्षी पट्टीशिवाय, कोंबडीच्या पिसानं सरळसोट काढणाऱ्या. १९९१ साली त्यांनी बीएमडब्ल्यूची गाडी रंगवली. आमच्याकडचे जुने पेंटर दादा एकाच श्वासात ब्रशनं अक्षर उतरवायचे, त्यांची आठवण झाली. आणि यिंका शोनिबारे हा ब्रिटिश-नायजेरियन कलावंत. लोक ज्याला डोळे झाकून 'आफ्रिकन प्रिंट' म्हणतात, ते कापड इंडोनेशियाच्या बाटिकची नक्कल करून हॉलंडमध्ये छापलं गेलं आणि पश्चिम आफ्रिकेत विकलं गेलं. तिथल्या बायकांनी ते आपलंसं केलं, त्यातल्या नक्ष्यांना नावं दिली. शोनिबारे तेच कापड लंडनच्या बाजारातून घेऊन जुन्या इंग्रज सरदारांसारखे पोशाख शिवून घेतो आणि ते पुतळ्यांवर चढवतो. हे ऐकल्यापासून गिऱ्हाइकानं 'अस्सल आफ्रिकन प्रिंट' म्हटलं की मी त्यांना खुर्ची देते आणि ही गोष्ट सांगते.

औंधची सहल. साताऱ्याहून कोरेगाव, रहिमतपूर करत साधारण ४०-४५ किलोमीटर. भवानी चित्रसंग्रहालय आपल्यातल्या अनेकांनी शाळेच्या सहलीत बघितलंय, पण तेव्हा राजा रविवर्म्यांच्या चित्रांपुढं बाई रांगेत उभं करतात आणि पुढं ढकलतात. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी १९३८ साली उभं केलेल्या या संग्रहालयात हेन्री मूर यांचं 'मदर अँड चाइल्ड' हे शिल्प आहे. विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या शिल्पकारांपैकी एकाचं काम आपल्या खटाव तालुक्यात! मूर विद्यार्थी असताना ब्रिटिश म्युझियममध्ये तासन् तास घालवायचे. मेक्सिकोच्या जुन्या दगडी मूर्तींचा त्यांच्यावर सगळ्यात जास्त ठसा, पण आफ्रिकेतलं लाकूडकामही त्यांनी बारकाईनं बघितलं होतं. तिथून ते शिकले की शिल्प चारही बाजूंनी जगलं पाहिजे, आणि दगडानं दगडच राहिलं पाहिजे, त्यानं कातडीचं सोंग आणू नये. सरांनी आम्हाला आधी रविवर्म्यांपुढं उभं केलं, तिथं रेशमाची चमक, मोत्यांचा उजेड, हातांची त्वचा, सगळं जिवंत. मग मूरपुढं आणलं. एकाच इमारतीत काही पावलांवर या दोन वाटा. एस.टी.वाले काका बराच वेळ मूरच्या शिल्पाभोवती फिरत होते. मी विचारलं तर म्हणाले, "पोरी, हे समोरून बघायचं नाहीच मुळी." मूरवर लिहिलेलं बरंच वाचलंय मी. काकांचं वाक्य जास्त लक्षात राहिलं.

या सहलीला गाडी छोटी पडली आणि परतायला रात्र झाली. तक्रार नाही, फक्त घरी आधी सांगून ठेवा.

शेवटचा रविवार विल्यम केंट्रिजचा. जोहान्सबर्गचा हा चित्रकार कोळशानं चित्र काढतो, त्याचा फोटो घेतो, थोडं पुसतो, पुन्हा काढतो, पुन्हा फोटो. असं करत चलच्चित्र होतं, आणि पुसलेल्याची सावली कागदावर राहते. एकाच कागदावर मागचं सगळं धूसर दिसत असतं. जिथं वर्णभेदाची राजवट होती त्या देशातल्या माणसाला ही पद्धत सुचावी हे पटतं. पण हा दिवस घाईत गेला. मोबाइल स्टँड दोनच, सात माणसं, आणि अर्धा वेळ ॲप उतरवण्यात गेला. याला स्वतंत्र दोन रविवार द्यायला हवेत, किंवा तो या कार्यशाळेत नकोच.

आता दुसरी, आणि माझ्या लेखी मोठी सूचना. सोप्याच्या भिंतीवर त्यांनी पंचवीस-तीस छायाचित्रं छापून लावली होती. सुंदर छपाई. त्यांतल्या निम्म्यांखाली नुसतं लिहिलेलं: 'आफ्रिकन मुखवटा', 'आफ्रिकन मूर्ती'. पिकासोच्या चित्राखाली मात्र नाव, साल, संग्रहालय, सगळं. तुम्ही तोंडानं जे शिकवता त्याच्या उलट तुमची भिंत बोलते. ५० हून अधिक देशांचा खंड आहे तो. किमान कोणत्या लोकांचं (फांग, बाउले, योरुबा), देश आणि काळ एवढं तरी लिहा. कारागिराचं नाव अनेकदा मिळणार नाही, कारण वस्तू नेणाऱ्यानं ते विचारलंच नाही. मग तेही लिहा.

आणि या वस्तू युरोपात कशा गेल्या हे त्यांनी शिकवलं नाही. १८९७ साली इंग्रज फौजेनं आजच्या नायजेरियातलं बेनिन शहर जाळलं आणि राजवाड्यातून हजारो पितळी फलक आणि शिरं नेली. ती मेणाचा नमुना करून, मेण वितळवून काढून त्या पोकळीत धातू ओतलेली, म्हणजे आपल्या बस्तरकडच्या डोकरा धातुकामाचंच तंत्र. ती लंडनला, बर्लिनला पोचली. चित्रकारांना 'प्रेरणा' मिळाली ती अशा कपाटांतून. २०२२ साली जर्मनीनं आपल्याकडच्या अशा वस्तूंची मालकी नायजेरियाला परत द्यायला सुरुवात केली. हे साताऱ्यात समजावून सांगणं तर सगळ्यात सोपं! जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर भारतात आली, ती आधी आपल्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात. गावोगावची माणसं लेकराबाळांना घेऊन बघायला आली होती, मीही गेले होते. त्याच म्युझियमनं आणि ब्रिटिश म्युझियमनं मिळून त्याच वर्षी घानातल्या कुमासीच्या मानहिया राजवाड्यात असांते राजांचं सोनं पाठवलं, एकोणिसाव्या शतकातल्या लढायांत इंग्रजांनी नेलेलं. तेही तीन वर्षांच्या बोलीवर, उसनं. आपली वस्तू आपल्याकडं पाहुणी म्हणून येते तेव्हा पोटात काय होतं, हे साताऱ्यात राजवाड्यापासून पोवई नाक्यापर्यंत कुणालाही विचारा. मी मॅडमना हे सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं आणि पुढच्या तुकडीत एक तास यासाठी ठेवू म्हणाल्या. ठेवला की नाही ते पुढं जाणाऱ्यांनी मला कळवावं.

रिसॉर्टवाल्यांचं काय झालं असं ओळखीचे विचारतात. त्यांना मी फ्लेक्सचा पडदा दाखवला. मुखवटे नकोत, तुमच्याच जागेवर निघालेल्या सामानातून भिंत करू, म्हटलं. बांधकामाच्या रिकाम्या सिमेंटच्या गोण्या त्यांच्याकडं ढिगानं पडल्या आहेत. ते तयार झाले, दर मात्र अजून ठरतोय.

जाणाऱ्यांसाठी थोडं कामाचं. सोळा वर्षांवरच्या कुणालाही जमेल, चित्रकला येत असण्याची गरज नाही. एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या मार्कांची भीती ज्यांच्या मनात अजून आहे त्यांनी तर जावंच. पेठेत चारचाकी लावायला जागा नाही, राजवाड्याकडं लावून चालत या. सोप्यात उजेड चांगला, पंखा एकच. कापडाच्या रविवारी जुने कपडे घाला. हिरडा आणि लोखंड एकदा कापडावर बसलं की निघत नाही, नखांतला काळा पुढचे कित्येक दिवस टिकतो. दुसऱ्या दिवशी लग्नाला जायचं असेल तर हातमोजे न्या, ते त्यांच्याकडं नसतात. पुढची तुकडी दिवाळीनंतर आहे, आणि एका वेळी दहाच्या वर माणसं घेत नाहीत. नाव घालताना मडकं कधी भरलंय ते आधी विचारून घ्या.